दोन वर्षांचे गुरुजी, दोनशे वर्षांचा प्रश्न

१/
हार्बर मार्गावरील गुरू तेगबहादूर नगर हे स्थानक जुन्या पिढीला 'कोळीवाडा' याच नावाने ठाऊक आहे. शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट येथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे. या सीमेवर कोळ्यांची मूळ वस्ती होती. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत पंजाबी आणि सिंधी कुटुंबे आली, अँटॉप हिलच्या बाजूला तमिळ भाषकांची वस्ती वाढली. या साऱ्यांच्या मुलांपैकी ज्यांना खासगी शाळेची फी परवडत नाही, ती महापालिकेच्या शाळेत जातात. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते. मात्र प्रत्येक माध्यमाच्या वर्गात एक प्रश्न समान असतो : फळ्यासमोर कोण उभे राहणार, आणि किती काळ?

२/
२००९ पासून मुंबईच्या काही महापालिका शाळांत दोन प्रकारचे शिक्षक एकाच छताखाली दिसू लागले. एक, बारावीनंतर दोन वर्षांची अध्यापन पदविका घेऊन आलेला आणि निवृत्तीपर्यंत शिकवण्याच्या तयारीने नोकरीत शिरलेला. दुसरा, नामांकित महाविद्यालयातून किंवा कंपनीतून आलेला तरुण, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन दोन वर्षांसाठी वर्ग हाती घेणारा 'फेलो'. एक पक्ष म्हणतो, हा अननुभवी हौशीपणा आहे. दुसरा म्हणतो, मरगळलेल्या वर्गांत यामुळेच प्राण आला. दोन्ही पक्ष हा वाद एकविसाव्या शतकातला समजतात. प्रत्यक्षात मुंबईत तो दोनशे वर्षांपासून चालू आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

३/
आरंभ १८२३ पासून करावा लागतो. पेशवाई संपून पाच वर्षे झाली होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते. 'बाँबे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी' या नव्या संस्थेने इलाख्यातील शाळांची स्थिती तपासण्यासाठी एक समिती नेमली. समितीने चार उणिवा नोंदवल्या : पुस्तके नाहीत, शिकवण्याची पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. पैसा नसल्यामुळे शिक्षक मिळत नव्हते, आणि शिक्षक नसल्यामुळे छापलेली पुस्तके शिकवणार कोण, हा प्रश्न होता. पुढील दोन शतकांत यादीतील पुस्तकांची उणीव बरीचशी भरून निघाली. लायक शिक्षक आणि पैसा या दोन उणिवा मात्र जोडीनेच पुढे चालत राहिल्या.

४/
त्या काळी या अडचणीवर एक स्वस्त तोडगा जगभर गाजत होता. अँड्र्यू बेल या पाद्र्याने १७८९ पासून मद्रासच्या लष्करी अनाथालयात एक पद्धत चालवली : हुशार मुलांनी धाकट्यांना शिकवायचे, आणि एका मास्तराने साऱ्यांवर देखरेख ठेवायची. वाळूवर बोटाने अक्षरे गिरवण्याची कल्पना त्याने मलबारी शाळेत पाहून उचलली होती. म्हणजे आपल्याकडच्या पंतोजींची धूळपाटी विलायतेला गेली आणि 'मद्रास पद्धत' हे नाव घेऊन परतली. जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये असाच प्रयोग केला. मुंबईत १८१५ साली स्थापन झालेल्या बाँबे एज्युकेशन सोसायटीच्या शाळांत बेलची पद्धत अवलंबण्यात आली. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुले, हे गणित सरकारला आवडणारेच होते.

५/
पण इलाख्याच्या जिल्ह्यांत शाळा काढायच्या तर निदान पहिला मास्तर तरी बाहेरून तयार करून पाठवणे भाग होते. सोसायटीचे सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या काळात मुंबईत शिक्षकांची एक तुकडी तयार करण्यात आली. १८२६ च्या सुमारास असे २४ शिक्षक इलाख्याच्या मराठी आणि गुजराती भागांत पाठवले गेले. पश्चिम भारतात सरकारी खर्चाने घडवलेल्या शिक्षकांची ही आरंभीची पिढी. चोवीस माणसे आणि एवढा मोठा इलाखा! प्रशिक्षित शिक्षकांची परंपरा तुटवड्यातूनच जन्मली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तुटवडा होता म्हणूनच पुढे प्रत्येक पिढीत कोणीतरी विचारत राहिले की, इतके प्रशिक्षण खरोखर लागते का?

६/
या प्रश्नाला पहिले ठाम उत्तर दिले ते बाळशास्त्री जांभेकरांच्या पिढीने. 'दर्पण'चे संपादक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. १८४५ साली मुंबईत अध्यापक तयार करण्यासाठी जो नॉर्मल वर्ग सुरू झाला, त्याची सूत्रे त्यांच्याकडे होती, हे तितकेसे ठाऊक नसते. पुढच्याच वर्षी ऐन उमेदीत त्यांचे निधन झाले आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी ते काम पुढे नेले. आपल्या भाषेतील सर्वांत व्यासंगी माणसे या कामाला लावली गेली. प्राथमिक शाळेत शिकवणे ही एक विद्या आहे आणि ती शिकावी लागते, ही भूमिका त्यामागे होती.

७/
१८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रत्येक इलाख्यात अध्यापक विद्यालये काढण्याची शिफारस केली. कागदावर धोरण ठरले, पण तिजोरीने साथ दिली नाही. परिणामी शाळांत दोन जाती निर्माण झाल्या : 'ट्रेंड' मास्तर आणि 'अनट्रेंड' मास्तर. मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेला तरुण थेट वर्गावर उभा राही. जमले तर पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाई, न जमले तर तसाच शिकवत राही. अनट्रेंड मास्तर स्वस्त पडत असे, म्हणून त्याची नेमणूक 'तूर्त' म्हणून होई. ही 'तूर्त' किती वर्षे टिकावी याला मर्यादा नव्हती.

८/
याच काळात पुण्यात एक वेगळी परंपरा उभी राहत होती. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला सिंथिया फॅरार यांच्या संस्थेत आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांची चरित्रे सांगतात. जिच्या कार्याची ओळख सेवा, त्याग आणि धैर्य या शब्दांत करून दिली जाते, तिने आधी शिकवायचे कसे हे रीतसर शिकून घेतले होते. तळमळ असली की प्रशिक्षणाची गरज नाही, असे फुले दांपत्याने कधी मानले नाही. त्यांचे पुढचे प्रतिपादन याच अनुभवावर उभे आहे.

९/
१९ ऑक्टोबर १८८२. हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यातील शिक्षकांविषयीचा भाग तितक्या बारकाईने वाचला जात नाही. जोतीरावांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत. त्यांतील थोडे प्रशिक्षित, बाकीचे अप्रशिक्षित. पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जातो. असा शिक्षक शेतकऱ्यांच्या मुलांपासून अंतर राखतो. मुले येत नाहीत हा दोष मुलांच्या माथी मारण्यापूर्वी शिकवणाऱ्याकडे पाहा, असा त्या साऱ्या विवेचनाचा रोख होता.

१०/
उपाय म्हणून जोतीरावांनी तीन गोष्टी एकत्र मागितल्या. पहिली : शिक्षक प्रशिक्षित असावा, आणि त्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञानही असावे. दुसरी : तो शक्यतो शेतकरी वर्गातूनच यावा, म्हणजे लोकांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा जाणेल. तिसरी : त्याला किमान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये पगार मिळावा. शिवाय गावाच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल यांसारखी कामे त्याच्याकडे सोपवून गावात त्याचे वजन वाढवावे. एवढ्या थोड्या ओळींत शिक्षकाचे संपूर्ण धोरण मांडलेले आहे.

११/
या मागण्यांना तीन नावे देता येतील : तयारी, जवळीक आणि मान. तिन्हींचा एकत्र परिणाम म्हणजे मुक्काम. ज्याला विद्या येते, ज्याला वस्ती आपली वाटते आणि ज्याचा चरितार्थ नीट चालतो, तो शिक्षक टिकतो. जोतीरावांनी यांतील एखादी गोष्ट निवडा, असे सुचवले नव्हते. पुढील १४० वर्षांत सरकारने आणि संस्थांनी नेमके तेच केले. प्रत्येक योजनेने एखादी गोष्ट उचलली आणि उरलेल्या पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलल्या. या तीन कसोट्या हाती धरून आता पुन्हा मुंबईकडे वळू.

१२/
१९०६ साली मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. माध्यमिक शिक्षकांसाठी पदवीनंतरच्या प्रशिक्षणाचा मार्ग त्यामुळे रुंद झाला. प्राथमिक शाळांचा प्रश्न मात्र संख्येचा होता. मुंबई शहरासाठी १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९२५ मध्ये महापालिकेने एफ आणि जी या दोन विभागांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. परळ, माटुंगा, शीव हा पट्टा एफ विभागात येतो. म्हणजे मुंबईत सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग ज्या कामकरी वस्त्यांत झाला, त्यांत शीवचा परिसर होता.

१३/
सक्ती म्हणजे मुले येणार. मुले आली की वर्ग हवेत, वर्ग आले की शिक्षक हवेत. येथे दोन विचार समोरासमोर आले. सर फिलिप हार्टोग यांच्या समितीने १९२९ मध्ये सांगितले की, निम्मीअधिक मुले मध्येच गळतात किंवा एकाच इयत्तेत रखडतात. तेव्हा विस्तार आवरा, आधी आहेत त्या शाळा सुधारा. मुंबई महापालिकेच्या शाळा समितीचे सचिव राहिलेले रा. वि. परुळेकर यांनी याच्या उलट बाजू मांडली. गुणवत्तेची वाट पाहत कोट्यवधी मुलांना शाळेबाहेर ठेवणे त्यांना मान्य नव्हते. पाळी पद्धत, मोठे वर्ग, कमी खर्च अशा मार्गांनी आधी सर्वांपर्यंत पोहोचा, असा त्यांचा आग्रह होता. १९३९ मधील 'लिटरसी इन इंडिया' हे त्यांचे पुस्तक याच वादातून उभे राहिले.

१४/
परुळेकरांना प्रशिक्षणाचे शत्रू समजणे अन्याय्य ठरेल. १९४८ मध्ये मुंबईत त्यांनी जे. पी. नाईक यांच्यासह भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली, ती शिक्षणाच्या सखोल अभ्यासासाठीच. त्यांच्या युक्तिवादात एक अस्वस्थ करणारे सत्य होते : उत्तम शिक्षक मिळेपर्यंत थांबा, हा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची मुले कधी थांबलेली नसतात. हार्टोग यांच्या म्हणण्यातही तथ्य होते. नुसती पटावर आलेली आणि अक्षरही न शिकता गळालेली मुले ही शिक्षणाची प्रगती म्हणता येत नाही. आजच्या फेलोशिपच्या वादात दोन्ही बाजूंनी जे म्हटले जाते, त्याचा बराचसा भाग या दोघांनी आधीच म्हणून ठेवला आहे.

१५/
याच दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत तिसरी वाट दिसत होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये तेथे 'शिशुविहार' सुरू केला. बालवाडीच्या जोडीला शिक्षिका घडवण्याचे कामही तेथे चाले. पुढे ताराबाईंना वाटू लागले की, ही विद्या मध्यमवर्गीय वस्तीतच अडकून पडली आहे. म्हणून १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची भेट अनुताई वाघ यांच्याशी झाली. अनुताई प्रशिक्षित शिक्षिका होत्या, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केलेल्या. त्या ताराबाईंसोबत गेल्या आणि १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांत राहिल्या.

१६/
ध्येयवादी शिक्षकाचे उदाहरण म्हणून अनुताईंचे नाव सर्वत्र घेतले जाते. त्यांच्याकडे तयारी पूर्वीपासून होती. जवळीक जन्माने मिळालेली नव्हती, ती त्यांनी ४७ वर्षांच्या मुक्कामाने मिळवली. बाहेरून आलेला शिक्षक वस्तीचा होऊ शकतो, याचा हा पुरावा आहे. पण त्यासाठी दोन वर्षे पुरत नाहीत, याचाही पुरावा तोच आहे.

१७/
स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात कायम शिक्षकाची बाजू हळूहळू भक्कम झाली. संघटना उभ्या राहिल्या, वेतनश्रेणी ठरल्या. खासगी शाळांतील शिक्षकाला मनमानी बडतर्फीपासून संरक्षण देणारा सेवाशर्तींचा कायदा १९७७ मध्ये झाला. जोतीरावांची 'मान' ही कसोटी प्रथमच काहीशी पूर्ण होत होती. मग २००० साली 'शिक्षण सेवक' योजना आली. पदविका घेतलेल्या शिक्षकानेही पहिली तीन वर्षे पूर्ण वेतनाऐवजी मानधनावर काम करायचे. प्राथमिक शाळेत हे मानधन कित्येक वर्षे महिना ६,००० रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. 'तूर्त' हा जुना शब्द 'सेवक' या नव्या नावाने परतला. फरक इतकाच की, या वेळी स्वस्त झालेला शिक्षक पूर्ण प्रशिक्षित होता.

१८/
त्यानंतरचा अध्याय अधिक विलक्षण आहे. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर निर्बंध आले. पवित्र पोर्टलद्वारे भरती पुन्हा मार्गी लागेपर्यंत अनेक वर्षे गेली. डी.एड. झालेले, पुढे पात्रता परीक्षाही उत्तीर्ण झालेले तरुण दरम्यान मिळेल ते काम करत होते. अध्यापक विद्यालयांतील जागा रिकाम्या राहू लागल्या. म्हणजे १८२३ च्या यादीतील 'लायक शिक्षक नाहीत' ही उणीव आता उलटी झाली होती. शिक्षक होते, पण त्यांना वर्ग मिळत नव्हता. 'पैसा नाही' ही उणीव तेवढी जशीच्या तशी होती.

१९/
याच शहरात दरम्यान आणखी एक प्रयोग झाला. १९९५ मध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 'प्रथम'चे काम सुरू केले. १९९८ पासून त्यांनी महापालिका शाळांत 'बालसखी' आणली. बालसखी बहुधा त्याच वस्तीतील तरुणी असे. शालेय शिक्षण पूर्ण झालेले, प्रशिक्षण दोन आठवड्यांचे, मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतील मागे पडलेली १५ ते २० मुले ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसे आणि जिथे ती अडली आहेत तिथून शिकवे. जोतीरावांची दुसरी कसोटी, जवळीक, येथे पूर्ण होत होती. पहिली अर्धवट आणि तिसरी जवळजवळ नाहीच.

२०/
अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे या योजनेची काटेकोर चाचणी घेतली. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांच्या गुणांत पहिल्या वर्षी सरासरी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ झाली. शिक्षणातील प्रयोगांच्या मानाने ही वाढ मोठी आहे. फायदा मुख्यतः बालसखीकडे बसणाऱ्या, तळाच्या मुलांना झाला. नेहमीच्या शिक्षकापाशी उरलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांच्या गुणांत विशेष फरक पडला नाही. दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाने जे साधले, ते दोन वर्षांच्या पदविकेला का साधले नाही?

२१/
हा आकडा अनेकदा कायम शिक्षकांवर शस्त्रासारखा वापरला जातो. तो नीट वाचायला हवा. वर्गशिक्षकावर इयत्तेचा अभ्यासक्रम संपवण्याची सक्ती असते. जनगणना आणि निवडणुकीची कामे त्याच्याकडून घेण्यास शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलमही मोकळीक देते. बालसखीला एकच काम होते : मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची. म्हणजे यशाचे कारण प्रशिक्षणाचा अभाव हे नसून कामाची नेमकी आखणी हे होते. आणि दुसरी बाजू अशी की, बालसख्या सरासरी सुमारे वर्षभरच टिकत. योजना संपल्यावर वर्षभराने मोजले तेव्हा त्या वाढीतील सुमारे ०.१ एवढीच शिल्लक होती.

२२/
आता फेलोंकडे. १९८९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील वेंडी कॉप या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधात एक कल्पना मांडली : उत्तम पदवीधरांनी दोन वर्षे गरिबांच्या शाळांत शिकवावे. त्यातून १९९० मध्ये 'टीच फॉर अमेरिका'ची पहिली तुकडी निघाली. त्याच १९८९ साली मुंबईत शाहीन मिस्त्री यांनी वस्त्यांतील मुलांसाठी 'आकांक्षा' सुरू केले होते. या दोन धाग्यांची गाठ पडून 'टीच फॉर इंडिया' उभी राहिली आणि जून २००९ मध्ये मुंबई व पुण्याच्या शाळांत ८७ फेलो रुजू झाले. दोनच महिन्यांनी संसदेने शिक्षण हक्क कायदा मंजूर केला. त्या कायद्यान्वये शिक्षकासाठी किमान व्यावसायिक पात्रता ठरली आणि पात्रता परीक्षा आली. एका हाताने दार अरुंद होत होते, त्याच वेळी शेजारची खिडकी उघडत होती.

२३/
ती खिडकी कोठे उघडली हेही पाहावे. फेलो प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत शिकवतात. कोळी, तमिळ, पंजाबी, उत्तर भारतीय अशा सर्व घरांतून इंग्रजी शाळेची मागणी वाढली, तशी महापालिकेनेही इंग्रजी वर्ग वाढवले. मराठी माध्यमातून पदविका घेतलेल्या शिक्षकाला तेथे लगेच उभे करणे कठीण होते, आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांची फळी तयार नव्हती. इंग्रजी सहज बोलणारा फेलो ही पोकळी भरू शकत होता. पालकांनी त्याचे स्वागत केले यात नवल नाही. पण पोकळी निर्माण झाली ती अध्यापक प्रशिक्षणात वेळीच बदल न झाल्यामुळे.

२४/
या प्रतिमानाचे मूल्यमापन अमेरिकेत सर्वाधिक झाले आहे. २००४ च्या मॅथेमॅटिका संस्थेच्या अभ्यासात अशा शिक्षकांच्या विद्यार्थ्यांनी गणितात थोडी आघाडी घेतली, वाचनात फरक आढळला नाही. मात्र ज्यांच्याशी तुलना झाली, त्या त्याच शाळांतील शिक्षकांपैकी अनेकांकडेही पूर्ण पात्रता नव्हती. २००५ मध्ये लिंडा डार्लिंग-हॅमंड यांनी ह्यूस्टन शहराच्या आकडेवारीवरून दाखवले की, रीतसर प्रमाणित शिक्षकांचे विद्यार्थी सातत्याने पुढे राहतात. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर निष्कर्ष साधा आहे : कमी प्रशिक्षणाचा हुशार शिक्षक हा कमी प्रशिक्षणाच्या सामान्य शिक्षकापेक्षा बरा, पण त्यावरून प्रशिक्षण अनावश्यक ठरत नाही.

२५/
१८८२ च्या तीन कसोट्या आता सर्वांना लावून पाहता येतात. अनट्रेंड मास्तर : तयारी नाही, मान नाही. शिक्षण सेवक : तयारी आहे, पहिली तीन वर्षे मान नाही. बालसखी : जवळीक आहे, बाकी जेमतेम. फेलो : उत्साह आहे, प्रतिष्ठा आहे, पण तयारी काही आठवड्यांची आणि मुक्काम ठरवूनच दोन वर्षांचा. कायम शिक्षक : तयारी आहे, स्थैर्य आहे, जवळीक मात्र पदविकेसोबत आपोआप मिळत नाही, आणि जोतीरावांनी ब्राह्मण शिक्षकाविषयी जी अंतराची तक्रार केली होती, ती आज कोणत्याही जातीच्या, लांबून येऊन शाळा सुटताच निघून जाणाऱ्या शिक्षकाला लागू पडू शकते. पूर्ण गुण कोणालाच नाहीत.

२६/
कोळीवाड्यातील मुलाच्या बाजूने हिशेब मांडला तर चित्र अधिक स्पष्ट होते. पहिली ते आठवी ही आठ वर्षे कायद्याने हक्काची आहेत. दोन वर्षांच्या मुक्कामाने मोजले तर या काळात एकामागून एक चार फेलो येऊन जातील. प्रत्येक वेळी नवे नाव, नवी पद्धत आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस निरोप. फेलोच्या आयुष्यात ती दोन वर्षे घडण करणारी ठरतात. अनेक जण पुढेही शिक्षणक्षेत्रात काम करतात, शाळा काढतात, धोरणे लिहितात. त्यांचा शिकाऊ काळ मात्र त्या मुलाच्या आठ वर्षांतून वजा झालेला असतो.

२७/
आणखी एक गोष्ट या इतिहासात सातत्याने दिसते. मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत अनाथालयात आजमावली गेली. अनट्रेंड मास्तर खेड्यांतील शाळांना मिळाले. पाळी आणि मोठे वर्ग कामकरी विभागांसाठी सुचवले गेले. बालसखी आणि फेलो महापालिका शाळांत आले. यांतील बहुतेकांचा हेतू प्रामाणिक होता आणि काहींचा उपयोगही मोठा झाला. पण शिक्षकावर काटकसर करण्याचा प्रयोग प्रत्येक वेळी गरिबांच्याच वर्गात झाला.

२८/
म्हणून 'फेलो चांगला की डी.एड. शिक्षक?' हा प्रश्नच अपुरा आहे. बालसखीचे यश सांगते की, कायम शिक्षकाच्या जोडीला वस्तीतील साहाय्यक आणि नेमके काम दिले तर तळाची मुले वर येतात. जांभेकर आणि ताराबाई सांगतात की, प्रशिक्षण जिवंत ठेवायचे तर ते देणारी माणसेही तोलामोलाची हवीत. परुळेकर आठवण देतात की, आदर्श शिक्षकाची वाट पाहत मुलाला थांबवता येत नाही. तात्पुरता शिक्षक जोडीला असेल तोवर तो मदतनीस आहे. भरती थांबवून त्याच्यावर शाळा चालवली गेली की तो सरकारच्या जबाबदारीतून पळवाट ठरतो, मग त्याची स्वतःची निष्ठा कितीही असो.

२९/
१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पात्रता परीक्षेची अट सेवेतील शिक्षकांनाही लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांना ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागणार आहे. म्हणजे तयारीची कसोटी आणखी कडक झाली. जवळीक आणि मान या उरलेल्या दोन कसोट्यांसाठी कोणतीही परीक्षा नाही. त्यांच्यासाठी अंदाजपत्रक लागते. जोतीरावांनी १८८२ मध्ये त्याचा आकडाही देऊन ठेवला होता : किमान १२ रुपये. शीवच्या सीमेवरील शाळेत पहिलीत बसलेले मूल आठवीत जाईल तेव्हा पहिल्या दिवशीच्या शिक्षकांपैकी कोणी तेथे असेल का, यावरून या दोनशे वर्षांच्या वादाचा निकाल लागणार आहे.

(धागा समाप्त)